मुरलेलं तेल

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या बळावर लिहायला बसलो, माफ करा.

आमच्या गॅरेजचे जुने मिस्त्री सलीमचाचा मेंदूच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला आहेत. ते परतायच्या आत जमीन चकचकीत व्हावी म्हणून वडिलांनी काल रंगाऱ्याकडून इपॉक्सी या टणक रंगाचा थर देऊन घेतला. आज मात्र चाचांच्या बसायच्या जागी तेलाचा डाग पुन्हा वर आला.

"आधी घासलं होतंस ना रे?" वडिलांनी रंगाऱ्याला विचारलं.

"तेल मुरलंय शेठ, कोटिंगला जुमानत नाही," रंगारी म्हणाला.

"राहू दे. सलीमभाई म्हणेल, माझी जागा राखलीत."

माणूस उठून गेल्यावर त्याचं बसणं किती खोल उरत असेल? त्या डागावर पाय ठेवायला मला धजवेना.

संध्याकाळी चाचांच्या मुलाचा फोन आला. अब्बा शुद्धीवर आलेत, पण कुणालाच ओळखत नाहीत.