नावेवरच्या चार नळ्या

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आला तो सहीपुरता. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही, पण माझ्यामागे कोणाच्या हाती लागलं तर चुका पोटात घालाव्या. मला माणसांसमोर बोलायची लाज वाटते. कागदासमोर वाटत नाही, म्हणून लिहिते.

आमचं घर वैनगंगेच्या काठाला आहे. धरण झाल्यापासून नदी वाहत नाही, नुसती भरून असते. फुगवट्याचं पाणी शेतांवर, झाडांवर चढलं, ती मेलेली झाडं अजून पाण्यात उभी आहेत. नवरा त्या पाण्यात जाळी टाकायचा आणि मी मासे बाजारात विकायची. आधी सासऱ्याच्या हातचा लाकडी डोंगा होता. तो कुजला तेव्हा नवऱ्यानं फायबरची नाव घेतली, पांढरी आणि इतकी हलकी की दोघांनी काठावर ओढून घ्यावी. तिच्या आत दोन्ही बाजूंनी बसायला लांब कट्टे होते, पेटीसारखे, आतून पोकळ. ती पोकळीच नावेला तरंगती ठेवते, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

नागपूरचा एक माणूस रविवारी गळ टाकायला यायचा. त्याला मासे खायचे नसत, हौस होती. नाव आणि नवरा दिवसभरासाठी घ्यायचा आणि लागलेला मासा बहुतेक वेळा परत पाण्यात सोडायचा. सासू पदराआड हसायची. म्हणायची, "एवढ्या दुरून येते, माशाले भेटते अन् जाते."

एकदा मोठा मासा लागला आणि कडेला टेकवलेली त्याची काठी गळासकट पाण्यात गेली. नवऱ्यानं बुड्या मारल्या, मिळाली नाही. पुढच्या खेपेला तो काठ्या उभ्या धरायच्या चार नळ्या घेऊन आला. तिरक्या लोखंडी नळ्या, खाली चपटी पट्टी, पट्टीला स्क्रूची भोकं. नावेला छेद न पाडता बसतील का, असं त्यानं विचारलं होतं. मी तिथेच भांडी घासत होते, मला आठवतं. नवरा म्हणाला, "साहेब, नावेले भोक पाडनं आमचं रोजचंच हाये. तुमी चहा घ्या."

डोंग्याच्या बाबतीत ते खरंच होतं. डोंग्याला खिळा ठोकायचा, त्याच्याभोवती सुतळी आणि डांबर भरायचं आणि डोंगा पाण्यात सोडायचा. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि खिळ्याला आवळून धरतं. सुरुवातीला डोंगा जड लागतो, थोडा पाझरतो, त्याला कोणी भीत नाही. नवऱ्यानं नव्या नावेला तेच केलं. वेल्डिंगवाल्याचं ड्रिल मशीन मागून आणलं, कट्ट्यांवर नळ्या ठेवून भोकं पाडली, सुतळी भरली, वरून डांबर ओतलं. नळ्या हलवून पाहिल्या. जराही हलल्या नाहीत.

ओली जाळी रोज त्याच कट्ट्यांवरून आत ओढली जायची. नाव जड होऊ लागली. काठावर घेताना दोराला मीही हात लावायची, तेव्हा विचारलं, एवढी जड काहून लागून राहिली?

"पानी पिऊन राहिली," तो म्हणाला. "एकदा फुगली का घट्ट बसते."

मला पटलं. माझ्या माहेरी शिंगाड्याचा तलाव होता, तिथल्या डोंग्यांचंही असंच असायचं.

पावसाळा सरता सरता एका सकाळी वारा सुटला होता. जाळी वाहून जातील म्हणून तो एकटाच निघाला. संध्याकाळपर्यंत आला नाही. दुसऱ्या दिवशी मेलेल्या झाडांपाशी सापडला, पाय स्वतःच्याच जाळ्यात. नाव थोडी पुढे होती, एक कडा पाण्याखाली आणि एक वर. चारही नळ्या जागच्या जागी घट्ट होत्या.

नागपूरचा माणूस तेरवीच्या आधी आला. माझ्यामुळे झालं, एवढंच हळू आवाजात म्हणाला आणि माझ्या हातात पाकीट दिलं. पदर नाकापर्यंत ओढलेला, आजूबाजूला माणसं. नको म्हणायला हवं होतं, की हे कशाचे असं विचारायला हवं होतं, पण शब्द आला नाही आणि हात मिटला. तेरवी त्याच पैशांत झाली.

मग गावात बोलणं सुरू झालं. पोलिसांत जाऊ नये म्हणून साहेबानं बाईचं तोंड बंद केलं, असं. विहिरीवर मी गेले की बायका दुसराच विषय काढायच्या. एका सकाळी सासूनं परसात तीन विटा मांडल्या आणि आपली चूल वेगळी केली. सरकारच्या निराधार योजनेच्या पैशातून आणलेले तांदूळ ती तिथे शिजवायची. त्या विटा अजून तिथे काळ्या पडून आहेत. मी ताट घेऊन गेले तेव्हा वर न पाहता म्हणाली, "कितीले इकलं व माह्या पोराले?"

मी ताट परत आणलं. मलाही त्या दिवशी जेवण गेलं नाही. ते सगळे पैसे परत करायचे हे मी तिथेच चुलीपाशी ठरवलं. ते परत गेल्याशिवाय ती माझ्या हातचं खाणार नव्हती, आणि मला गावात मान वर करता येणार नव्हती.

पैसे कमवायला नाव लागणार होती. ती काठावर कलती पडून होती, त्या दिवसापासून कोणी हात लावला नव्हता. दिराला बोलावून ती पालथी करायला घेतली. सासू दारात बसली होती. नाव उलटली तशी कट्ट्यांवरच्या भोकांमधून पाण्याच्या बारीक धारा लागल्या. इतके दिवस उन्हात पडलेली नाव, आणि धारा थांबेनात. सासू उठून जवळ आली, एका धारेखाली हात धरला.

"डोंगा असता तं वाळला असता," ती म्हणाली.

मग आपल्या चुलीकडे गेली. काही बदललं नाही.

भंडाऱ्याला फायबरच्या पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारा एक जण आहे, त्याला आणलं. त्यानं नळ्या काढल्या, दोन्ही कट्टे कापले. आम्ही नुसती पोकळी समजायचो तिथे स्पंजासारखं काहीतरी भरलेलं होतं, ते चिंब झालं होतं, ते सगळं उपसून काढलं. आठवडाभर नाव वाळवली, मग कापडाचे थर आणि केमिकल लावून कट्टे बंद केले. जाताना मला समजावलं की फायबर फुगत नाही, त्यात पाडलेलं भोक भोकच राहतं. काही बसवायचंच तर नावेवर आडवी फळी टाका, स्क्रू फळीत जाऊ द्या, नावेत नको.

जुन्या डोंग्याची एक सागाची फळी गोठ्यात राहिली होती. दिरानं ती नावेच्या रुंदीची कापली. दोन्ही टोकांखाली आडवे ठोकळे मारले, म्हणजे फळी कडेवरून सरकू नये. फळी जिथे कडेवर टेकते तिथे मी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. दोर बांधायच्या कड्या नावेला आधीपासूनच होत्या, त्यांतून नायलॉनचा दोर घेऊन फळी आवळली. आणि त्याच चार नळ्या फळीवर बसवल्या. दिराला ते आवडलं नाही. मला दुसऱ्या घ्यायला पैसे नव्हते.

गळवाले हळूहळू येऊ लागले. त्यांना कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. नाव मीच वल्हवायची. गळ टाकणाऱ्याला बोलणारं माणूस नको असतं, त्यामुळे माझं निभलं. मेलेल्या झाडांकडे चला म्हणायचे, तिथे मासा असतो. मी न्यायची. परतल्यावर फळी सोडून ठेवायची आणि कट्ट्यावर बोटांनी ठोकून पाहायची. पोकळ आवाज आला की घरी जायची.

पैसे साठले की किराणा दुकानदार त्याच्या फोनवरून नागपूरला पाठवायचा. साहेब नको म्हणतात, असं तो दर वेळी सांगायचा. मी म्हणायची, पाठवा. शेवटची रक्कम राहिली तेव्हा तो माणूस स्वतः आला. बाजाराचा दिवस होता, घाटावर माणसं होती. मी पदरातून नोटा काढून पुढे केल्या. त्यानं हात मागे घेतला.

"मी त्या नळ्या आणल्या नसत्या तर..." तो म्हणाला.

मला सांगायचं होतं की भोकं माझ्या नवऱ्यानं स्वतः पाडली, तुम्ही तर छेद न पाडता बसतील का असं विचारलं होतं. इतक्या माणसांत माझ्या तोंडून निघेना. सासू कधी घरातून उतरून मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"घ्या साहेब," ती म्हणाली. "माह्या सुनेनं काही इकलं नाही."

त्यानं नोटा घेतल्या आणि तशाच खिशात घालायला लागला.

"मोजा," सासू म्हणाली. "सारे पाहून राहिले."

तो तिथेच घाटावर उभा राहून मोजू लागला. मध्ये चुकला, पुन्हा मोजल्या.

"काही बाकी?" सासूनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला.