सौरवची दुपारची झोप

समजा, तुम्ही तंबाखूच्या सरीत उभ्या आहात. दिवस दिवाळीच्या आधीचे. सूर्य नुकता वर आलाय आणि प्रत्येक पानावर दव आहे. झाडं कमरेला लागतात. कोवळा शेंडा दोन बोटांत धरायचा, मोडायचा, खाली टाकायचा आणि पुढच्या झाडाकडं सरकायचं. वाटेत पानांच्या बेचक्यात आलेले फुटवेही काढायचे. शेंडा मोडला की चीक येतो. तो बोटांना लागतो, निऱ्यांना लागतो, घाम पुसताना पदराला लागतो, आणि वाळला की काळा पडतो. दव वरून भिजवत असतंच. तंबाखूतलं निकोटिन पाण्यात विरघळतं आणि ओल्या कापडातून अंगात शिरतं. तुम्ही या कामाला नवीन असाल तर तासाभरात डोकं गरगरेल, तोंडाला पाणी सुटेल, उलटी होईल. मग बायका हसतील, "हिला तंबाखू लागली" म्हणतील आणि तुम्हाला बांधावर नेऊन बसवतील.

आता हेही समजा की तुमचं दीड वर्षाचं पोर घरी सासूजवळ आहे, आणि सासू त्याला काहीतरी चारतेय असा तुम्हाला संशय आहे.

अंजनी असाच संशय डोक्यात घेऊन रोज सकाळी शेतात जात होती. तिचं माहेर सदलग्याचं, उसाच्या पट्ट्यातलं. लग्न होऊन निपाणीजवळच्या या गावात आली तेव्हा पहिल्या वर्षी तिलाही तंबाखू लागली होती. आता सवय झाली होती. नवरा अमृत बेळगावला, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो आणि शनिवारी रात्री घरी येतो. घरी उरतात अंजनी, तिचा मुलगा सौरव आणि सासू मालुबाई. मालुबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळं शेत अंजनीकडं आणि सौरव त्यांच्याकडं, अशी वाटणी आपोआप झाली होती.

संशयाचं बी जयाबाईनं टाकलं. ती शेजारची, पैऱ्यातली. पैरा म्हणजे आज सगळ्या मिळून हिच्या शेतात, उद्या तिच्या. जयाबाई शेंडे खुडता खुडता म्हणाली होती, "तुझं पोरगं लई गुणाचं गं. दुपारभर आवाज न्हाय. सासू काय मंतर घालती काय?" बायका हसल्या. मग तिनंच पुढं सांगितलं, की पूर्वीच्या म्हाताऱ्या सुगीच्या दिवसांत पोरांना जायफळ जास्तीचं उगाळून द्यायच्या, म्हणजे पोरं गुंगीत पडून राहायची आणि कामं उरकायची.

अंजनी त्या वेळी हसली, पण घरी आल्यावर तिनं झोळीतल्या सौरवकडं नीट पाहिलं. तो झोपला होता खरा, पण ही झोप तिला ओळखीची वाटली नाही. कपाळ घामानं गार झालं होतं, ओठ पांढरे पडले होते. उठवलं तर डोळे उघडून पुन्हा मान टाकायचा. संध्याकाळी त्यानं पेज ओकून टाकली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. निपाणीच्या डॉक्टरांनी पोट बिघडलंय म्हणून औषध दिलं. त्यानं फरक पडला नाही.

मग अंजनी शोधायला लागली. घरी आली की आधी सौरवचं तोंड हुंगायची. सहाणेवरून बोट फिरवून चाटून बघायची. मसाल्याच्या डब्यात जायफळ सापडलं, एका बाजूनं घासून सपाट झालेलं. तिनं ते काढून आपल्या पेटीत कपड्यांखाली ठेवलं. तरी सौरव गुंगीतच. याचा अर्थ तिनं सरळ असा लावला, की आत्तींकडं दुसरं जायफळ आहे. सासूला ती आत्ती म्हणते. आत्ती देवळात गेल्या तेव्हा तिनं त्यांची ट्रंकही उघडून पाहिली. आत जुनी लुगडी होती आणि मेलेल्या सासऱ्यांचा चष्मा. मनाला लागलं, पण थोडंच. लपवणारं माणूस ट्रंकेत कशाला ठेवेल?

अमृतला तिनं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "माझी आई हाय ती. मला वाढवलंय तिनं."

"म्हणून तर इचारते," अंजनी म्हणाली, "तुम्हाला काय देऊन निजवत होत्या?"

यावर त्यानं फोन ठेवला.

दिवाळीत शेतं बंद राहिली. अंजनी घरीच होती, तिनं सगळे कपडे धुतले, अमृतही आला. त्या दिवसांत सौरव अंगणभर पळत होता, किल्ल्यावरचे मावळे तोंडात घालत होता, दुपारी निजायचं नावच नाही. अमृत म्हणाला, बघ, काही नाहीये. अंजनीला मात्र आता खात्रीच पटली. ती घरात असताना आत्तींना काही देता येत नव्हतं, म्हणूनच पोर बरं होतं. तिनं मनाशी ठरवलं, एकदा डोळ्यांनी पाहायचं आणि पोराला घेऊन सदलगा गाठायचं. तंबाखूचं मग काय व्हायचं ते होवो.

दिवाळीनंतर पैरा सुरू झाला. दोन दिवस सौरव पुन्हा मलूल झाला. तिसऱ्या दिवशी ती बायकांबरोबर निघाली, ओढ्यापर्यंत गेली, पाठ धरलीय म्हणाली आणि मागच्या वाटेनं परत फिरली. गोठ्याच्या कुडाला फट होती. तिथून सोपा दिसत होता.

मालुबाई सौरवला मांडीवर घेऊन मऊ भात भरवत होत्या. भात अंजनीनंच शिजवून ठेवलेला. तोंड पुसलं, पाणी पाजलं. वाटी नाही, सहाण नाही, पदरात बांधलेली पुडी नाही. सौरव रडायला लागला, दाराकडं हात करून आईला मागायला लागला. मालुबाई उठल्या, गुडघ्यावर हात देत परड्यात आल्या. अंजनीनं श्वास धरला. त्या तिच्यापासून चार हातांवर होत्या. त्यांनी दोरीवरची साडी ओढली. अंजनीची, काल शेतात नेसलेली. दवानं भिजायची म्हणून ती दोन जुन्या साड्या आलटून पालटून नेसायची. चीक एरवीही जात नाही म्हणून आठवड्यातून एकदाच धुवायची.

त्या साडीची त्यांनी आढ्याला झोळी बांधली. घरी आली की अंजनीला रोज हीच झोळी दिसायची, पण कापडाकडं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. सौरवला आत ठेवलं. तो लगेच थांबला. त्यानं तोंड कापडात खुपसलं, पदराचं टोक मुठीत धरलं आणि चोखायला लागला.

अंजनी कुडामागून बाहेर आली. मालुबाई दचकल्या. "का गं आलीस?"

अंजनीनं झोळीतून पोराला उचललं, त्याच्या मुठीतून पदर सोडवला आणि ते ओलं टोक आपल्या तोंडात घातलं. कडू. शेतात हात न धुता भाकरी खाल्ली की जी चव येते, तीच.

"आत्ती, ह्या साडीत नका निजवू त्याला."

"दुसऱ्या कशात निजतच न्हाय त्यो. तुझा वास लागतोय त्याला. मी माझं लुगडं बांधून बघितलं, रडून रडून निळा झाला."

"तंबाखू लागलीया त्याला."

मालुबाईंना कळायला वेळ लागला. मग त्यांनीही पदर जिभेला लावला आणि थुंकल्या. सारा जन्म तंबाखूत गेलेली बाई. पण त्यांच्या काळी पोरं बांधावर निजायची, ती सुद्धा घरच्या धुतल्या लुगड्यात. त्या जोत्यावर बसल्या. म्हणाल्या, "मीच घालत हुते की गं त्यात."

आता अंजनी रात्री एक मऊ साडी नेसून झोपते आणि तीच दिवसा झोळीला देते. सौरव बरा आहे. दुपारी निजतो आणि उठला की घर डोक्यावर घेतो. सदलग्याला जाण्याची गोष्ट तिनं पुन्हा काढलेली नाही.

पण घरात काहीतरी बदललंय. मालुबाई आता सौरवला स्वतःहून काही भरवत नाहीत. शेजारून खीर आली तर झाकून ठेवतात, तू आल्यावर तूच दे म्हणतात. संध्याकाळी अंजनी हातपाय धूत असते तेव्हा कोणी न विचारता सांगतात, "तू ठेवल्याला भात दिला, पाणी दिलं. दुसरं काय न्हाय दिलं." आवाजात राग नसतो. पंचांपुढं जबानी द्यावी तसं सांगतात.

अमृतला तिनं विचारलं, तो शपथ घेतो की आईला बोललो नाही. जयाबाईचं तोंड बांधलेलं नाही, पण तिला अंजनीनं मनातलं कधी सांगितलंच नव्हतं. आता ती जयाबाईकडंही बारीक नजरेनं बघते, अमृतच्या फोनवरच्या बोलण्यातही काही शोधते. ट्रंकेतल्या लुगड्यांची घडी मोडलेली आत्तींना दिसली असेल का? की रोज पोराचं तोंड हुंगणारी सून त्यांना पहिल्या दिवशीच कळली होती, आणि कळूनही त्या तिच्याच पोराला मांडीवर घेऊन गप्प बसत होत्या?

एक प्रश्न ती रोज ओठांपर्यंत आणते. आत्ती समोर बसून सौरवला पायांवर घेऊन हलवत निजवत असतात, आणि तिला विचारता येत नाही: आत्ती, माझ्या मनातलं तुम्हाला कधीपासनं ठाऊक होतं?