बाई उभ्या राहिल्या तेव्हा

आज कपाटातून काळा कोट काढला आणि डांबरगोळ्यांच्या वासाने मी नाशिकच्या त्या कचेरीत जाऊन पोचलो. माझ्या सीनियर बाई वकिली सोडून मोठ्या अधिकारी झाल्या होत्या. त्यांची पहिली सुनावणी बघायला मी मागे बसलो होतो. पेठ तालुक्याकडची एक म्हातारी जमिनीसाठी एकटीच आली होती. तिला प्रश्न विचारताना बाई कोर्टातल्या सवयीने उभ्या राहिल्या. साहेबच उभ्या, म्हणून अख्खी कचेरी उठली. मला हसू आवरेना.

म्हातारी घाबरली. "माझं काय चुकलं का, बाई?"

"नाही, आजी. तुम्ही खुर्चीत बसा, सावकाश सांगा."

बाई मात्र शेवटपर्यंत बसल्या नाहीत. तेव्हा मला ती फजिती वाटली होती. आज दिसतं ते वेगळंच: म्हातारी बसून बोलते आहे, आणि सगळं सरकार तिच्यापुढे उभं आहे.