नितीनच्या तोंडची अहिराणी

इथले अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचायचे. भूतखेत, अंगात येणं… आमच्या घरात कोणी मानत नाही, मीही नाही. तरी आज लिहितेय, कारण घरात हे बोलायला आता कोणी नाही.

नाशिकला सिडकोत आमचा फ्लॅट. माझा नवरा नितीन अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर. मागच्या उन्हाळ्यात कामावरून येताना टेम्पोने त्याच्या बाइकला उडवलं. डोक्याला जबर मार. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण घरी आणला तेव्हा तो बोलत नव्हता, मला ओळखत नव्हता. घास भरवायला गेलं की हात झटकायचा. डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा त्यांच्याशी." मी दिवसभर बोलायचे… आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे.

एका दुपारी कणीक मळताना आतून आवाज आला. नितीनचाच.

"सोनी, कांदा झाकी दे. पानी ई राहिना."

पिठाच्या हातांनी धावले. छताकडे बघत तो तेच पुन्हा म्हणाला. माझं नाव अश्विनी. सोनी कोण? खरं सांगते, आनंद व्हायच्या आधी हेच डोक्यात आलं.

मग कळलं, ही अहिराणी. नितीन पंचवटीत वाढलेला, त्याला ती येत नाही. मी मात्र ऐकली होती — आयसीयूबाहेर, सटाण्याकडच्या सुमनबाई फोनवर बोलायच्या तेव्हा. त्यांचे मिस्टर नितीनच्या शेजारच्या बेडवर होते. आणल्यापासून व्हेंटिलेटरवर. तिथेच गेले ते. नितीन तेव्हा बेशुद्ध होता.

तो पुन्हा बोलला तेव्हा मी रेकॉर्ड करून सुमनबाईंना पाठवलं. 'हा काय म्हणतोय, सांगाल का?'

त्यांचा फोन आला. 

"ताई, सोनी म्हणजे मीच. ते एकटेच म्हनायचे मला तसं. कांद्याच्या ट्रॉलीवर चढून ताडपत्री ओढत होते… कांदा झाक, पाऊस येतोय, एवढंच बोलले अन् खाली पडले. मी कोनालाच सांगितलं नाही हे."

दुसऱ्या दिवशी त्या एसटीने आल्या. दारातूनच नितीनकडे बघत राहिल्या. कोणाकडेही न बघणाऱ्या नितीनने मान वळवली.

"उनी का तू? बठ."

आलीस का, बस — एवढं मलाही समजलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तशा त्या त्याचा हात धरून बसल्या. घरचं, शेतातलं, पोरांचं सांगत राहिल्या. माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर ऐकल्याचं समाधान होतं… आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. त्या निघताना तो म्हणाला, "आते घर जाय. रडू नको."

त्यानंतर तो एक शब्द बोललेला नाही. कुठल्याच भाषेत.

डॉक्टर म्हणतात, बेशुद्धीतही कानावर पडलेलं राहतं. पण शेजारच्या बेडवरचा माणूस तर व्हेंटिलेटरवर होता, तो बोलला कसा? यावर ते स्कॅन बघत बसतात.  त्याने माझ्याशी बोलावं… नाहीतर निदान सोनीशी तरी. आवाज त्याचा असला की मला पुरे.

सुमनबाई अजून अधूनमधून फोन करतात. हळूच विचारतात, "काही बोलले का हो?"

कोणाबद्दल, ते मी विचारत नाही.