आठ शेरांची पिशवी

कळमनुरीच्या आठवडी बाजारात मी ज्वारी मापत होतो, तेव्हा इमामचाचा गेल्याची बातमी आली. आम्ही मापारी पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो आणि पुढे दोन, तीन असं मोठ्यानं मोजत जातो. माझी सतरावी पायली पोत्यात पडत होती. चाचांचा थोरला मुलगा समोर येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "अब्बा गेले, काका." त्यानंतर मी अठरा म्हटलं की नाही, मला आठवत नाही. सत्तावीस वर्षांच्या कामात मोजणी पहिल्यांदा सुटली. ते पोतं रिकामं करायला लावलं, दुसऱ्या मापाऱ्याला लाभपासून मापायला सांगितलं आणि उठलो. त्याला आता पाच आठवडे झाले. हल्ली माणसाचं नाव कानावर आलं की लोक आधी त्याचा मोहल्ला विचारतात. म्हणून हा माणूस कोण होता, हे कुणीतरी नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

चाचा जीन शिवायचे. तहसिलीच्या घोड्यांची खोगिरं आणि टांग्यांचे पट्टे त्यांच्या दुकानातून जायचे. जनावराच्या पाठीला पट्टा काचू नये म्हणून आतून नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेला जाड थर, कसा लावायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे. त्यांच्या भावाची मांडी मोडली, तेव्हा ते इस्पितळात बावीस दिवस त्याच्या खाटेशी बसून होते. तिथं पायाला दोरी बांधून, ती चाकावरून नेऊन, टोकाला वजन टांगलेलं त्यांनी पाहिलं. त्यांची स्वतःची कंबर तेव्हा इतकी धरलेली असे की स्टुलावरून उठायला भिंतीचा आधार लागे. तिथल्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं, मांडीच्या हाडाला ओढ देता, तर पाठीच्या मणक्यांना काहून देत नाही? डॉक्टर हसले नाहीत. देतात, म्हणाले, पण वजन थोडं, वेळ थोडा, आणि माणूस आडवा. पाय बधिर झाला, पाऊल लुळं पडलं किंवा लघवी अडली, तर त्या रोग्याला हातही लावायचा नाही, सरळ इस्पितळात पाठवायचं, हेही त्यांनी बजावलं. चाचांनी घरी येऊन खाट केली. पायथ्याच्या खुरांखाली दोन-दोन विटा, काखेतून डोक्याकडे बांधायचे दोन पट्टे, कमरेला नमद्याचा रुंद पट्टा, त्याची दोरी पायथ्याकडच्या मोटेच्या जुन्या चाकावरून खाली, आणि दोरीला ज्वारीनं भरलेली चामड्याची पिशवी. पहिले चाळीस दिवस ते स्वतःच त्या खाटेवर झोपले. मग भिंतीचा आधार सुटला.

बारा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीची, कावेरीची, पाठ गेली. आडावर घागर ओढताना काहीतरी लचकलं आणि दोन वर्षं ती जमिनीवर बसू शकली नाही. चुलीपाशी बसता येत नाही, लेकराला उचलता येत नाही... चाळिशीच्या आत बाई म्हातारी झाली. शेक झाले, लेप झाले, औंढ्याच्या नागनाथाला जाऊन आलो. शेवटी कुणीतरी हैदराबादेला नेऊन पाठ चिरायचा सल्ला दिला, तेव्हा ती म्हणाली, चिरून घेण्यापेक्षा मी उभीच राहीन. मी तिला चाचांकडे नेलं. त्यांनी तिला टाचांवर चालायला लावलं, दोन्ही पायांना बोट लावून कळतं का ते विचारलं, आणि मगच होकार दिला. त्यांच्या घरातल्या बायका पट्टा बांधत, चाचा पडद्याबाहेरून दोरी सोडत. दोन पायल्या ज्वारी, सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस. अठराव्या दिवशी कावेरी चुलीपुढे बसली आणि तिनं सलग तीन भाकरी थापल्या. मी दारात उभं राहून त्या मोजल्या.

एकोणिसाव्या दिवशी उंदरांनी पिशवी कुरतडून ज्वारी सांडलेली निघाली. चाचांनी टाका घातला आणि पिशवी माझ्याकडे दिली. मापायचं काम तुमचं, म्हणाले. ज्वारी भरली तर उंदीर पुन्हा येणार, म्हणून मी कयाधू नदीची वाळू आणली. खाटेच्या पायथ्याशी ठोकळ्यावर ठेवलेल्या पिशवीतच दोन पायल्या ओतल्या, वर फळी फिरवून अगदी काठोकाठ. एक चिमूट जास्त नाही, एक चिमूट कमी नाही. चाचांनी नेहमीप्रमाणे दोरी पिशवीच्या कडीत अडकवली, खालचा ठोकळा काढून घेतला आणि घड्याळाकडे पाहत बसले. कावेरीला वाटलं, आज गुण जास्त येत असेल, म्हणून ती दात आवळून पडून राहिली. वीस मिनिटांनी तिला उठता येईना. उजव्या पोटरीला चिमटा काढला तरी कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरून, गोरेगावहून, तिचा भाऊ गाडी घेऊन आला. चाचांच्या दुकानापुढे दहा-पंधरा माणसं जमली होती. तो मला म्हणाला, "दाजी, माणसाच्या पाठीला जिनगर दाखवला तुमी. आता नाल कोणाकडून मारून घेता?" लोक हसले. चाचांनी वर पाहिलं नाही. कुणी बोट दाखवायच्या आत त्यांनी स्वतःच खाटेखालच्या विटा काढल्या होत्या. चूक माझी आहे, खाट मोडतो, बाईला आधी इस्पितळात न्या, एवढंच ते म्हणाले.

वाळू ओतून टाकावी म्हणून मी पिशवी उचलली, आणि ती माझ्या हातातून खाली गेली. सगळा जन्म मी धान्य मापलं. पायली भरली की माप झालं, हेच मला ठाऊक. पायलीत काय आहे ते पायलीला कळत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पिशवी तशीच समोरच्या आडतीवर नेली आणि काट्यावर टाकली. अठरा पक्के शेर. मग दोन पायल्या ज्वारी तोलली. आठ शेर. मी परत आलो आणि मेहुण्यासमोर, जमलेल्या सगळ्यांसमोर, दोन्ही आकडे सांगितले. चाचांनी पिशवी दोन्ही हातांत घेतली, वर-खाली करून पाहिली.

"माप तुमचं बराबर व्हतं, मापारी," ते म्हणाले. "हात माझा चुकला. घोड्यावर जीन टाकायच्या आधी मी ते हातावर घेतो. माणसाला टांगताना काहून घेतलं न्हाई?"

इस्पितळातल्या डॉक्टरांनी कावेरीला पडून राहायला सांगितलं. पायातली जाणीव अकराव्या दिवशी परत आली, आणि महिन्याभरानं त्यांनी पुन्हा ओढ द्यायला हरकत नाही असं सांगितलं. मेहुणा नको म्हणाला, मीही नको म्हणालो. चाचा तर त्या गल्लीतून जाणंही टाळत होते. कावेरीनं मात्र त्यांना घरी बोलावलं आणि उभ्यानंच सांगितलं, "चाचा, आठ शेर माझ्या पाठीला मानवत व्हते. आठच भरा. खाट लावा, मी येऊन राहिले." तिनं तसं म्हटलं नसतं तर ती खाट पुन्हा उभी राहिली नसती, आणि तीही पुन्हा खाली बसली नसती. चाचांनी नवी पिशवी शिवली. आठ शेर वाळू काट्यावर तोलून आत घातली, तोंड कायमचं शिवून टाकलं आणि वर पांढऱ्या दोऱ्याचे आठ टाके घातले. चाळिसाव्या दिवशी कावेरीनं घरातल्या सगळ्यांच्या भाकरी बसून केल्या.

त्यानंतर कुठून कुठून माणसं आली. तांड्यावरचे म्हातारे आले, मान आखडलेले कारकून आले. मानेसाठी चाचांनी हनुवटीखालून घ्यायचा वेगळा पट्टा केला, त्याला दोनच शेर. सगळ्यांना गुण आला असं मी लिहिणार नाही. आला नाही असेही होते, आणि चाचा त्यांना तसं स्पष्ट सांगत. चौघांना तर त्यांनी माझ्या देखत पट्टाही न लावता इस्पितळात पाठवलं. एकदा नांदेडहून एक डॉक्टर खाट पाहायला आले आणि कमरेचे दोन पट्टे शिवून मागितले. चाचांनी पट्टे दिले, पण आधी वाळूची पिशवी त्यांच्या हातात ठेवली. साहेबी कपड्यातला तो माणूस पिशवी तोलत उभा राहिला, आणि चाचा त्याच्या तोंडाकडे पाहत होते... मी कोपऱ्यात होतो. इतका ताठ मी माझ्या लग्नातही उभा राहिलो नसेन.

चाचा तापानं गेले. दुखवट्याच्या तीन दिवसांत त्यांच्या घरी चूल पेटायची नव्हती. कावेरीनं दोन पायल्या ज्वारी दळून आणली आणि सगळ्या भाकरी स्वतः, जमिनीवर बसून थापल्या. मेहुणा त्या दिवशी आमच्याकडेच होता. टोपली त्यानं डोक्यावर घेतली आणि चाचांच्या घरी पोचवली.

खाट आणि पिशवी त्यांच्या मुलानं आमच्याकडे आणून ठेवली. परवा कावेरीची कंबर जरा कुरकुरली. मी विटा लावल्या, पट्टा बांधला, दोरी चाकावरून खाली घेतली. पिशवीवरचे आठ टाके समोर दिसत होते, तरी मी ती दोन्ही हातांत घेऊन उभा राहिलो.

"बराबर हाय ना?" तिनं पडल्या पडल्या विचारलं.

"थांब," मी म्हटलं. "अजून हातात आहे..."