एका हाकेला ओ

महिपतचा आवाज मोठा. नाटकात असता तर शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्या म्हाताऱ्यालाही त्यानं खडबडून जागं केलं असतं. पण नशिबानं त्याला मंच दिला तो मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराचा, आणि निवृत्तीनंतर कोकणात, अलोऱ्याजवळच्या आपल्या गावात, शाळेच्या पडवीचा. करोनात चाकरमानी परतले. त्यांना शाळेत वेगळं ठेवायचं कोणी, जेवण पोचवायचं कोणी, बिथरलेल्या गावाला समजवायचं कोणी? महिपतनं. सगळे सुखरूप घरी गेले, एक काशी सोडून. ती तापात महिपतच्याच नावानं हाका मारत राहिली, आणि तिच्या खोलीत पाऊल टाकायची परवानगी कोणालाच नव्हती. ती गेली, आणि वरच्या वाडीतल्या तिच्या घराला कुलूप लागलं ते लागलंच.

पुढच्या जुलैत साथ सरली नव्हती, आणि पाऊस असा लागला की भरदुपारी दिवा लावावा. वरच्या वाडीमागच्या डोंगराला भेग पडली. वाडी खाली करायची ठरलं. रत्नागिरीहून मदतीला आलेल्या सुजयला महिपतनं बजावलं, "प्रत्येक घरापुढं एक हाक मारा. ओ आली तर माणूस घ्या, नायतर पुढं चला. डोंगर काय आपल्यासाठी थांबायचा नाय."

दिवेलागणीपर्यंत वाडी शाळेत आली. तापाची माणसं एका वर्गात, बाकीची दुसऱ्यात. गावची आशाताई रसिका भात वाढता वाढता थांबली.

"महिपतकाका, येसूआजी दिसत नाय ती?"

"लेकीकडं गेली असंल, चिपळूणला."

"चिपळूण पाण्यात हाय, काका. जाईल कशी?"

सुजय म्हणाला, "त्या घरापुढं मी स्वतः हाक मारली. दार बंद होतं. उत्तर नाही आलं."

"मग आधीच गेली असंल. तुला वाढायचं सोडून पंचायतीच फार गो!"

रसिका पुन्हा वाढायला लागली. एक ताट मात्र तिनं झाकून बाजूला ठेवलं.

महिपत हात धुवायला पडवीच्या टोकाला गेला. पागोळ्यांचा पडदा पडला होता. त्या पडद्यापलीकडून हाक आली.

"महिपताऽ"

बाईची हाक. अगदी जवळून आलेली, लांबवलेली, शेवटी जराशी खाली उतरलेली. त्याच्या ओठांवर ओ आली आणि तिथंच अडली. आईनं लहानपणी शिकवलेलं, काळोख पडल्यावर एका हाकेला ओ देऊ नये. माणूस तीनदा हाक मारतो. दुसरं जे काही असतं, ते एकदाच मारतं. तो दुसऱ्या हाकेची वाट पाहत उभा राहिला. पागोळ्या गळत राहिल्या. हाक आली नाही.

आणि मग त्याच्या अंगावर काटा आला, तो भलत्याच विचारानं. आपण आता गप्प राहिलो, तशीच येसूबाई गप्प राहिली असेल! काळोखी दुपार, परका आवाज, आणि एकच हाक. ती ओ देईल कशी? आणि एकच हाक मारा म्हणून सांगणारा कोण, तर याच मातीत वाढलेला महिपत.

"रसिका, बॅटरी दे. सुजय, चल."

"काका, डोंगर कधीही..."

"चल म्हणतो ना मेल्या!"

वाडीतली दारं उघडीच राहिली होती. ओल्या मातीचा वास असा, की कोणी जमीन आतून उलटी केली आहे. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मधूनच डोंगराच्या पोटात जातं ओढल्यासारखी घरघर व्हायची. येसूबाईच्या अंगणात उभं राहून महिपतनं छाती भरून घेतली.

"येसूकाकीऽ!" काही नाही. "येसूकाकीऽ!" नुसता पाऊस. "येसूकाकीऽ!"

"ओऽ! किती वराडतोस रं?" माळ्यावरून म्हातारी करवादली. "दुपारी कोण मेला एकदाच हाक मारून गेला. म्हटलं, आला न्यायला. तोंड दाबून बसलेय तेवापासून."

"तो मेला मीच, आजी," सुजय म्हणाला.

महिपतनं तिला पाठुंगळी घेतलं. अंगण ओलांडतात न ओलांडतात, तोच समोरच्या कुलूपबंद घरातून आवाज आला.

"महिपताऽ"

"काका, आत कोणीतरी आहे," सुजय कुजबुजला.

येसूबाईची बोटं महिपतच्या खांद्यात रुतली. "ओ देऊ नको. काशी हाय ती."

महिपत थांबला. मागच्या साली ओ द्यायची राहिली होती. मदतीला निघालेल्या माणसानं हाक ऐकून न ऐकल्यासारखी करायची, तर मग तो घरातून निघतो कशाला? त्यानं मान वळवली.

"ओऽ," तो म्हणाला. "आलो गो."

कुलूप हललं नाही. डोंगराची घरघर मात्र थांबली, जणू कोणी जात्याचा खुंटा धरून ठेवला. तिघं ओढ्यावरचा साकव ओलांडेपर्यंत ती थांबून राहिली. मग मागं डोंगरासकट वाडी खाली आली.

झाकून ठेवलेलं ताट येसूबाईनं निपटून खाल्लं आणि आमटीत मीठ कमी असल्याचं रसिकाला ऐकवलं.

एका हाकेला ओ देणाऱ्याच्या मागं हाक लागते, असं आमच्याकडं म्हणतात. महिपतच्या मागं ती लागली आहे. पावसाळ्यात कधीतरी तो हातातलं काम टाकून कान देतो, हळूच "आलो गो" म्हणतो आणि शाळेचं कुलूप काढून चटया पसरायला घेतो. सरकारी इशारा मागाहून येतो, कधी येतही नाही. कोणाला ओ दिलीस, असं गावात कोणी विचारत नाही. डोंगराकडच्या इतर वाड्यांतली माणसं पोरं कडेवर घेतात, चुली विझवतात आणि गुपचूप खाली येतात.