प्रभूच्या माहेरची माणसं

आम्हाला निरोप द्यायला अकोल्याच्या फलाटावर एवढी माणसं येतील असं बाबांना वाटलं नव्हतं. मिशन कंपाउंडातलं घरन्घर लोटलं होतं. बाया पांढऱ्या लुगड्यात, पुरुष धुवट सदऱ्यात, आणि सगळ्यांच्या पुढे शाळेच्या मोठ्या मिसबाई. सकाळचे ऊन डोळ्यावर येत होते. लोक गात होते, पण आमच्याकडे कोणी बघत नव्हते. सगळ्यांच्या नजरा आमच्या डोक्यावरून पलीकडे, मुंबईच्या दिशेला लागलेल्या. गर्दीच्या मागे खांबाशी साराबाई उभी होती. तिचा दावीद चांगला चार वर्षांचा घोडा झाला होता, तरी त्याचं तोंड तिनं पदरानं झाकून धरलं होतं. गाडी हलली तेव्हा मिसबाईंच्या डोळ्यांना आनंदाच्या धारा लागल्या. आई मला हळूच म्हणाली, "लेआ, जिवंतपणी मढं उचलल्यासारखं वाटतंय गं."

तुम्ही कंपाउंडातले जे तिकडेच राहिलात आणि आपल्यातले जे आमच्यामागून इकडे आलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. इस्राएलमधल्या लोदच्या शिकुनमध्ये, म्हणजे सरकारने बांधलेल्या चाळवजा इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर बसून. खाली दोन बाया अरबी मिसळलेल्या हिब्रूत भांडताहेत आणि भांडणाचा सूर थेट आपल्या अकोल्याच्या जठारपेठेतला आहे.

आम्ही बेने इस्राएल. मूळचे कोकणातले, घरात मराठी, शनिवारी चूल बंद. बाबा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर, म्हणून बदलीमागे बदली करत वऱ्हाडात आलो. आधी अमरावतीला होतो. तिथे आम्ही कोण, हा प्रश्न कोणाला पडला नाही. वलगावहून भाजी घेऊन येणारी माळीणबाई आईला म्हणायची, "बाई, तुमी शनिवारी सैपाक कावून नाई करत?" आईनं सांगितलं, देवाचा दिवस. बाईनं तिच्या परीनं उलगडा केला की हे लोक शनिमहाराजांचे कडक उपासवाले. मग दर शनिवारी ती मारुतीला घालायचं थोडं तेल आमच्या नावानं वेगळं ठेवायची आणि पैसे घ्यायला तयार नसायची. बाबा हसायचे. म्हणायचे, "आपले वाडवडील कोकणात तेली होते, आता तेल आपल्या पाठी लागलंय." ती चूक किती मायेची होती हे मला अकोल्याला गेल्यावर कळलं.

अकोल्यात घर मिळालं ते मिशन कंपाउंडाच्या कुंपणाला लागून. 'यहुदी' हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. कंपाउंडातले बहुतेक लोक आसपासच्या खेड्यांतल्या शेतकरी घरांतले, एकदोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. आम्ही कोण ते मिसबाईंनी सांगितल्यावर पहिल्याच रविवारी आठदहा बाया अंगणात येऊन उभ्या राहिल्या. साराबाई त्यात होती. ती आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "तुमी प्रभूच्या जातीचे. मरियाआईच्या माहेरची मानसं." आई लाजून चूर झाली. त्या दिवसापासून पहिल्या तुरीच्या शेंगा, पहिली सीताफळं आमच्या घरी येऊ लागली. माहेरच्या माणसांना देतात तशी.

पण वर्षात एक आठवडा असा यायचा की कुंपणाकडच्या खिडक्या बंद व्हायच्या. गुड फ्रायडेच्या आधीचे दिवस. पोरं माझ्याशी खेळायची थांबत. कोणी वाईट बोलत नसे, शिवी तर नाहीच. फक्त मी जवळून गेले की बोलणं थांबायचं. रविवारी सकाळी पुन्हा सगळं सुरळीत. साराबाई उकडलेली अंडी घेऊन हसत दारात उभी. आई म्हणायची, "चार दिवस आपण मारेकरी, बाकी वर्षभर माहेर. सासरपेक्षा बरं आहे." तिच्या बोलण्यात तेव्हा अजून गंमत असायची.

मिसबाईंचं प्रेम वेगळं होतं. त्या मला शाळा सुटल्यावर थांबवून घेत, केस विंचरून देत, आणि भिंतीवरच्या नकाशात पॅलेस्टाइनवर बोट ठेवत. "तुझे लोक इथे परत जातील. मग प्रभू येईल." एकदा मी विचारलं, "मग आमचं काय होईल?" त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याला ओळखाल आणि रडाल." मी म्हटलं, "आणि ज्यांनी नाही ओळखलं ते?" फणी माझ्या केसांत थांबली. मग त्यांनी माझी वेणी घट्ट बांधून टाकली. त्या माझ्याकडे बघायच्या तेव्हा मला वाटायचं, या घड्याळ बघताहेत. आता किती वाजले असतील, एवढंच.

मी बारा वर्षांची असताना तो गुड फ्रायडे आला. भर दुपार, मिशनच्या देवळाची दारं-खिडक्या बंद, आत उपासना चाललेली. रस्त्यावर कुत्रं नाही. आमचा पेसाह सण जवळ आलेला, त्यात शुक्रवार, म्हणून आई घाईनं शनिवारच्या शब्बाथचा सैपाक उरकत होती. दारात साराबाई आली. अनवाणी, केस सुटलेले, पदरात मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या. दावीद तेव्हा अंगावर पिणारा. दोन दिवस तापानं फणफणला होता आणि आता डोळे पांढरे करत होता.

"बाई, तुमी चला."

आईला वाटलं, औषध हवंय. तिनं बाबांना डॉक्टरकडे पाठवायचं म्हटलं. साराबाईनं मान हलवली.

"डाक्तर येऊन गेला. त्याले नजर लागली. आज त्यायचा दिवस हाये, ज्यायनं प्रभूले मारलं. तुमच्याच लोकायची नजर हाये, बाई. ज्याची नजर त्यानंच काढा लागते, तवाच उतरते. मी पाया पडतो तुमच्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, आई नंतर म्हणाली, रागाला उत्तर देता येतं. साराबाई अगदी अजिजीनं, हात जोडून, आमच्यावर खुनाचा आरोप करत होती.

बाबा आतून बाहेर आले. "जाऊ नकोस. दृष्ट काढलीस तर लावल्याची कबुली दिल्यासारखं होईल."

आई म्हणाली, "आणि पोर गेलं तर?"

बाबा वाटेतून बाजूला झाले. आईनं हात धुतले आणि ती निघाली. मी मागे गेले. साराबाईच्या खोलीत बाया भिंतीला टेकून रांगेत उभ्या होत्या आणि आईला वाट देताना प्रत्येकीनं पदर तोंडावर ओढला. आईनं मीठ-मिरच्या पोरावरून उतरवल्या. तोंडानं काय म्हणावं ते तिला कळेना, तेव्हा ती लहानपणी पाठ केलेली हिब्रू प्रार्थना म्हणू लागली. बंद खोलीत ते परके शब्द ऐकून एकजण हुंदका दाबत खाली बसली. मिरच्या चुलीत पडल्या, तडतडल्या, धूर झाला. ठसका कोणालाच आला नाही. तुम्हाला ठाऊक आहे, ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबर. सगळ्या बाया आईकडे बघत राहिल्या. देवळातून गाणं ऐकू येत होतं.

दिवस मावळायच्या आत दावीदला घाम फुटला आणि तो दूध प्यायला.

पोर मेलं असतं तर काय झालं असतं, देव जाणे. पण पोर वाचलं आणि आम्ही गुन्हेगार ठरलो. आईच्या हातून उतरली म्हणजे आईच्याच लोकांची होती, याला आता साऱ्या कंपाउंडाची साक्ष. पुढे रोज कोणी ना कोणी अंगणात येऊन उभी राहायची, कडेवर आजारी पोर घेऊन. हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही. आई बाहेर येईपर्यंत नुसती उभी. आई बाजारात निघाली की लेकरांची तोंडं झाकली जायची, आणि त्याच बाया तिला वाकून नमस्कारही करायच्या. आईनं लहान मुलांकडे बघणंच सोडून दिलं. रस्त्यानं जाताना तिचे डोळे जमिनीवर असत.

मिसबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी साराबाईला फैलावर घेतलं, ही अंधश्रद्धा आहे म्हणून. मग आमच्या घरी येऊन आईचा हात हातात घेतला. "मनाला लावून घेऊ नका, अडाणी आहेत. तुमचे लोक प्रभूला मारल्याबद्दल एक दिवस रडतीलच, तसं लिहिलेलंच आहे." त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "हिच्यात आणि सारात फरक एवढाच की सारा मिरच्या घेऊन आली होती."

मग इकडे यहुद्यांचा देश झाला. निघायला बाबांचं मन काही होईना. नोकरी होती, पेन्शन जवळ आली होती, आणि वऱ्हाडची हुरड्याची चटक लागलेली. आईच म्हणाली, चला. "जिथे सगळेच यहुदी, तिथे कोणाच्या पोराला माझी दृष्ट लागेल?"

इथे आलो आणि वेगळीच तऱ्हा. आमचे काळे-सावळे चेहरे बघून धर्मखात्याच्या मिस्रादमधला, म्हणजे कचेरीतला, साहेब विचारू लागला, तुम्ही खरे यहुदी कशावरून? लग्नं अडली. बाबा संतापायचे. आई मात्र पदराआड हसायची, "अकोल्याला कोणी पुरावा मागितला नव्हता हो." पण आई इथे सुखी होती. शिकुनमधली सगळी पोरं तिच्या अंगाखांद्यावर खेळायची. ती त्यांच्याकडे डोळे भरून बघायची. मी म्हणायचे, घर म्हणजे हेच.

आणि मग बऱ्याच वर्षांनी एका दुपारी दारात एक मिशीवाला तरुण उभा. गळ्यात क्रूस, कपाळावर घाम. मंडळीबरोबर पवित्र भूमीच्या यात्रेला आला होता आणि विचारत विचारत आमच्यापर्यंत पोचला होता. साराबाईचा दावीद. आईनं आनंदानं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यानं वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "माय गेली माही. जाताना मले बोलली का इस्राएलबाईले शोधजो. अन सांगजो, आमी सगळ्यायनं तुमाले माफ केलं."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढा समुद्र ओलांडून तो हेच द्यायला आला होता. आईनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, सारासाठी रडली, नारळाच्या दुधातली आमटी आणि भात पोटभर वाढला. एका शब्दानं तिनं त्याला दुखवलं नाही. मीही नाही.

तो गेल्यावर आईनं उष्टी ताटं गोळा केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लेआ, खरंच लागली असेल का गं माझी?"

मी नाही म्हटलं. ओरडूनच म्हटलं. तिनं मान डोलावली, लहान मूल समजूत घालतं तेव्हा डोलावतो तशी. त्या दिवसानंतर ती जिन्यातल्या पोरांना जवळ घेईनाशी झाली.

ती जाऊन आता वर्ष होईल. लोक विचारतात तेव्हा मी अजून घर अकोलाच सांगते, आणि त्यांना वाटतं मला तिथली ओढ आहे. ओढ आहेच. पण तिच्या प्रश्नाला माझं उत्तर पुरलं नाही, ते तिथल्याच कोणीतरी द्यायला हवं होतं. त्या खोलीत भिंतीला टेकून तुम्ही इतक्याजणी उभ्या होतात. तुमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नव्हतं का, की बाई, तुमची नजर नव्हती? आलं असेल तर आता तरी म्हणा. ती नाही, पण मी ऐकते आहे.